लोवेलची जुनी दारू

माझा दीर लोवेल क्लेवेंजर ऑगस्टमध्ये गेला आणि डिसेंबरात माझी जाऊ आर्डिथ आमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, यंदाचं हरीण ती स्वतः मारणार आहे.

माझा नवरा बर्ल तेव्हा अंडी खात होता. काटा तसाच हातात धरून तो तिच्याकडे बघत राहिला. आर्डिथने सत्तरी ओलांडलेली. दर जानेवारीत ती लोवेलबरोबर रानातल्या आडोशात बसायची हे खरं, पण ती मांडीवर लोकर घेऊन मोजे विणायला. बंदुकीला तिनं फडक्याशिवाय कधी हात लावला नव्हता.

आमच्याकडे दक्षिण ओहायोत हरणांचा मोठा हंगाम थंडीच्या सुरुवातीला आटोपतो. मग जानेवारीत थोडे दिवस फक्त ठासणीच्या बंदुका घेऊन रानात जायची मुभा असते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं खाली ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी चढवायची आणि एकच बार. चुकला तर हरीण जातं आणि माणूस पुन्हा ठासत बसतो. लोवेलचा जीव या हंगामावर. त्याच्या हरणाचं मांस चर्चच्या जानेवारीतल्या जेवणाला जायचं. राजमा, टोमॅटो आणि मांसाची तिखट चिली, सोबत मक्याचा पाव. ती चिली शिजवायची आर्डिथ. वाढायच्या आम्ही सगळ्याजणी.

बर्लनं तिला सांगितलं की हरीण तो मारील आणि लोवेलच्या नावानं चर्चला देईल, तिनं एवढ्या थंडीत कशाला यायचं. आर्डिथनं खुर्ची ओढली.

"नावाचं हरीण नकोय मला, बर्ल. त्याची बंदूक, त्याची दारू आणि आमचंच रान. चाप ओढायला तो नाही, म्हणून मी. तू शिकवणार आहेस की मी दुसरं कुणी बघू?"

बर्ल म्हणाला, शिकवतो. आणि अंडी गार झाल्याचा ठपका माझ्यावर ठेवला.

आता त्या दारूविषयी सांगायला हवं. आमच्या आडनावाची माणसं काटकसरी, पण लोवेलची काटकसर निराळी. स्वस्त मिळालं की त्याला ते जिंकल्यासारखं वाटे. खरी काळी दारू आजकाल सहजी मिळत नाही. तिच्या जागी वापरायची म्हणून कारखान्यात केलेली एक दारू दुकानात असते, तिला आम्ही बदली दारू म्हणतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातलं एक हार्डवेअरचं दुकान बंद झालं तेव्हा लोवेलनं तिथली अशी बदली दारू डब्यांच्या खोक्यासकट उचलली. ट्रकमधून उतरवताना तो असा काही हसत होता की जणू त्यानं दुकानदाराला गंडवलं. खोकं त्यानं तळघरात ठेवलं. त्यांचं तळघर म्हणजे वसंतात भिंतींना पाझर फुटणारं. बर्लनं तेव्हाच म्हटलं होतं की ही दारू ओल पिते, कोरड्या जागी ठेव. लोवेलनं उत्तर दिलं होतं की बर्लही ओल पितो, तरी त्याला घरात ठेवलंच आहे ना.

तर आर्डिथचं शिक्षण सुरू झालं. आमच्या कोठारामागे टेकडीच्या पोटाशी बर्लनं एक फळी उभी केली. शिकवायला त्यानं स्वतःची ताजी दारू आणली, कारण शिकताना लोवेलची कशाला संपवायची, असं आर्डिथचंच म्हणणं पडलं. पितळी मापात किती घ्यायची ते त्यानं तिला दाखवलं. बार उडाला नाही तर बंदूक तशीच टेकडीकडे धरून थांबायचं, नळीत डोकावायचं नाही, हे तर त्यानं इतक्यांदा सांगितलं की शेवटी तिनं त्याला विचारलं, मी काय खिडकीतून पाहुणे बघते तशी नळीतून बघणार आहे का? पण शिकली ती भराभर. पहिल्या दिवशी फळीला लागलं. पुढच्या आठवड्यात फळीवरच्या पिठाच्या पिशवीला. बर्ल घरात येऊन मला हळूच म्हणाला की त्याच्या भावापेक्षा या बाईचा हात स्थिर आहे, पण हे तिला सांगू नकोस.

हंगामाच्या आदल्या दिवशी बर्ल आर्डिथच्या तळघरातून लोवेलचा डबा घेऊन आला. लोवेल जो वापरत होता तोच, झाकण अर्धवट लावलेला. नुसता एक बार उडवून बघावा, म्हणजे उद्या घोळ नको, असं त्याच्या मनात होतं. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला अंगणात गेले होते. त्यानं डबा उघडून मला दाखवला. आत दाणे नव्हते, खडे होते, ब्राऊन शुगर ओलीनं धरते तसे. डबा हलकेच हलवून जे सुटं झालं तेवढं त्यानं मापात घेतलं, गोळी ठासली, टोपी चढवली आणि चाप ओढला.

टोपी फुटली. पुढे काही नाही. बर्ल नियमाप्रमाणे बंदूक टेकडीकडे धरून उभा राहिला. मग बंदूक शिंकली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. थोडा पिवळट धूर निघाला आणि गोळी आमच्या डोळ्यांदेखत फळीच्या बरीच अलीकडे बर्फात पडली. आमचा कुत्रा जाऊन ती हुंगून आला.

मी हसले. बर्ल हसला नाही. त्यानं दुसऱ्या डब्याचं सील फोडून त्यातलीही दारू ठासून पाहिली. ती जराशी बरी निघाली, पण गोळी फळीच्या बुडाशी वीतभर खाली मातीत गेली. मग तो लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसला आणि बंदूक मांडीवर आडवी घेतली.

"नेवा," तो म्हणाला, "त्याचा हात गेला नव्हता."

मला लगेच कळलं. लोवेल आमच्या डोंगराळ भागातला सगळ्यात अचूक नेमबाज होता. आणि शेवटची तीन वर्षं तो चुकत होता. दरवेळी खाली. गोळी हरणाच्या पायापाशी मातीत जायची. त्या वर्षांत चर्चच्या चिलीत हरीण पडलं ते बर्लचं. ठासणीवाल्यांची आमच्याकडे एक मंडळी आहे, दर महिन्याला फळ्यांवर चुरस लागते. तिथेही लोवेलची गोळी फळीच्या खालच्या कडेला. सगळ्यांनी धरून चाललं की वय झालं. डॉर्सी किमझी म्हणून एक आहे, हाताचा चांगला, जिभेचा सैल. तो एकदा सर्वांसमोर म्हणाला की लोवेल, आता तू हिशेब लिही, नेम आम्ही धरतो. लोवेलनं खरंच बंदूक पिशवीत घातली आणि त्यानंतर तो टेबलाशी बसून दुसऱ्यांचे गुण लिहीत असे. घरी येऊन हात पुढे करून बोटं थरथरतात का बघत बसायचा, असं आर्डिथनं मला एकदा सांगितलं होतं.

मी म्हटलं, आर्डिथला हे सांग. बर्ल म्हणाला, सांगणार नाही. तिनं आयुष्यभर त्या माणसाच्या स्वस्ताईचं कौतुक केलं, आणि आता त्याला जाऊन सहा महिने होत नाहीत तोवर मी जाऊन सांगू की त्या खोक्यानंच त्याला बसवलं? मी म्हटलं, मग उद्या ती ही दारू भरणार आणि हरीण तिच्यावर हसणार. त्यावर त्यानं जे केलं ते मला पटलं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं. एका दारूच्या डब्यात दुसरी दारू घालायची नसते, हे या माणसानं स्वतः कितीजणांना सुनावलंय. तरी त्यानं लोवेलचा डबा पाण्याच्या बादलीत रिकामा केला, आतून पुसून चुलीपासून दूर वाळवला आणि आपली ताजी दारू त्यात भरली. संध्याकाळी जाऊन तळघरात होता तिथे ठेवून आला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला आम्ही तिच्या दारात पोचलो. मीही होते. आडोशात बर्ल एकटा असला तर बडबड करून हरणं पळवील, तू चल, असं आर्डिथनं मला बजावलं होतं. ती लोवेलचं शिकारीचं नारिंगी जाकीट घालून ओसरीवर उभी होती. बंदूक भरून तयार. टोपी तेवढी बाकी, ती आडोशात बसल्यावर. बर्ल जरा नाराज झाला, त्याच्यादेखत भरायचं ठरलं होतं. पण तिनं सांगितलं की गोळी व्यवस्थित तळाला टेकलीय, गजावरच्या खुणेशी तिनं पडताळून पाहिलंय. मग त्याला बोलायला काही उरलं नाही.

आडोसा म्हणजे ओकच्या पडलेल्या खोडाला टेकून लोवेलनं उभ्या केलेल्या फळ्या. आम्ही तिघं त्यात शेंगेतल्या मटारासारखे बसलो. कॉफी झाली. बर्लला बोलायचं होतं, मी त्याच्या पायावर पाय ठेवून होते. ऊन झाडांच्या बुंध्यांवर आलं तेव्हा ओढ्याच्या बाजूनं एक नर आला. मोठा नव्हता, पण अंगानं भरलेला. आला आणि आडवा उभा राहिला, हवेत नाक उंच करून. आर्डिथनं टोपी चढवली. बंदूक फळीवर टेकवली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, अगदी सावकाश.

मग तोफ उडाली.

मी त्या बंदुकीचे बार वर्षानुवर्षं ऐकलेत, असा कधी नाही. आडोसा धुरानं भरला. धूर विरला तेव्हा आर्डिथ माझ्या शेजारी नव्हती. ती मागे बर्फात उताणी पडली होती, डोक्यावरची टोपी भलतीकडे, बंदूक पोटावर. हरीण अजून तिथेच उभं. त्याच्या डोक्यावरच्या फांदीचा तुकडा तुटून लोंबत होता. त्यानं एकदा फांदीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि चालत निघून गेलं. पळालंसुद्धा नाही.

बर्ल गुडघ्यांवर सरकत तिच्याकडे गेला. हात हलव, मान हलव, बोटं किती दिसतात. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली की बोटं दिसतात पण ती धुतलेली नाहीत. मग बर्लनं बंदुकीची नळी चाचपली, काही फुटलंबिटलं नव्हतं. मग त्यानं विचारलं, माप किती घेतलंस?

आर्डिथ कोपरावर उठून बाहीवरचा बर्फ झटकायला लागली.

"दीड माप," ती म्हणाली.

"मी काय शिकवलं होतं?"

"तू तुझ्या दारूचं शिकवलंस. ही लोवेलची. ती मेलेली आहे, मला ठाऊक आहे."

बर्ल बर्फातच बसला. त्यानं तिला सगळं सांगितलं. अंगणातला बार, बर्फात पडलेली गोळी, बादली, डबा. तुला वाईट वाटू नये म्हणून केलं म्हणाला. आर्डिथ ऐकत होती, खांदा चोळत होती.

"मी त्याच्या शेजारी बसत होते, बर्ल," ती म्हणाली. "मला त्या बंदुकीचा आवाज पाठ होता. दरवर्षी तो दमत चालला होता. मी सांगितलं त्याला, की तुझा हात ठीक आहे, ती दारू गेलीय. दोनदा सांगितलं. ऐकेना."

"का?"

"म्हातारं होणं त्याला चाललं असतं. सौद्यात फसणं नाही."

बर्लच्या तोंडातून आधी हसू आलं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदम आलं. आर्डिथलाही हसू फुटलं आणि हसताना खांदा दुखायला लागला म्हणून ती आणखी हसली. मी दोघांना उठवलं. माझेही डोळे पुसायचे राहिलेच होते.

तिचा खांदा संध्याकाळपर्यंत जांभळा झाला. पुढचे दिवस बंदूक उचलायचा प्रश्न नव्हता, आणि बर्लला तिनं हरीण मारू दिलं नाही. त्यामुळे त्या वर्षी चर्चच्या चिलीत गाईचं मांस पडलं, तेही माझ्या फ्रीझरमधलं. डॉर्सी किमझीनं पहिल्याच घासाला ओळखलं. क्लेवेंजरांची गोळी या वर्षीही हरणाच्या खालूनच गेली का, असं त्यानं टेबलावर विचारलं. वाईट हेतू नव्हता त्याचा, त्याची जीभच तशी.

आर्डिथ वाढत होती. तिनं पळी पातेल्यात ठेवली आणि सांगायला लागली. आवाज चढवला नाही. स्वतः उताणी पडली तेही सांगितलं, फांदीचंही, आणि लोक हसले. मग लोवेलच्या तीन वर्षांचं सांगितलं. हात पुढे धरून बोटं बघत बसायचा, ते सांगितलं. तेव्हा कुणी हसलं नाही. डॉर्सी ताटातला पाव मोडत राहिला. शेवटी ती म्हणाली की खोक्यात अजून पुष्कळ डबे आहेत, ज्याला आपल्या हाताची खात्री असेल त्यानं येत्या शनिवारी त्यातला एक बार भरून बघावा.

शनिवारी मंडळींच्या मैदानावर इतकी गर्दी मी जुलैच्या जत्रेतही पाहिली नाही. बर्लनं आधी सगळ्यांना नियम सांगितले. मापाबाहेर एक दाणाही नाही, खडे कुटायचे नाहीत, बार उशिरा उडेल तर बंदूक समोरच ठेवायची. मग एकेकानं लोवेलच्याच बंदुकीत त्याची दारू भरली. फुस्स, फटाक, शिंक, खोकला, असे सगळे आवाज झाले. गोळ्या चिखलात पडत होत्या. एक आजोबा म्हणाले की त्यांनी आपल्या गोळीला जाताना हात हलवून निरोप दिला. फळीला एकाचीही लागली नाही.

डॉर्सी शेवटी आला. पहिली गोळी निम्म्या वाटेवर. त्यानं दुसऱ्यांदा भरली, चांगली वर धरून नेम घेतला, आणि टोपी फुटली, पण आतून काहीच आलं नाही. तो थांबला, आम्ही थांबलो. दुसरी टोपी, तरी नाही. मग बर्लनं मागच्या बाजूनं पाणी सोडून दारू भिजवली आणि डॉर्सीला सगळ्यांसमोर गजाला मळसूत्र लावून आपली गोळी उपसून काढावी लागली. त्याला बराच वेळ लागला. कान लाल झाले होते त्याचे. गोळी निघाल्यावर ती हातात घेऊन तो आर्डिथपाशी आला.

"गेल्या वर्षी त्यानं हीच दारू भरून खालची कड गाठली होती," तो म्हणाला. "मी तिथेच उभा होतो. कशी गाठली, मला समजत नाही."

आर्डिथ म्हणाली, तिलाही नाही समजत. मग तिनं त्याला त्याचा कोट नीट लावायला सांगितलं, थंडी लागेल म्हणून. डॉर्सीनं विचारलं, मंडळींचा हिशेब लिहायला लोवेलनंतर कुणी नाही, ती लिहील का? नाही, ती म्हणाली. खांदा बरा झाला की ती फळीसमोर उभी राहणार होती.

उरलेले डबे बर्लनं आणि डॉर्सीनं मिळून पाण्याच्या पिंपात बुडवले. नंतर आम्ही घरी आलो, आर्डिथही आली, कारण बंदूक त्याच दिवशी धुवावी लागते. ही बदली दारू, जुनी असो की नवी, रात्रभर नळीत राहिली तर लोखंड खाते. माझ्या सिंकमध्ये दोघांनी लोवेलची बंदूक धरली. बर्लचं म्हणणं, कढत पाणी आणि साबण. आर्डिथचं म्हणणं, कढत पाण्यानं लगेच गंज धरतो, कोमट हवं. बर्ल म्हणाला, चाळीस वर्षं तो कढत पाण्यानं धुतोय. ती म्हणाली, म्हणूनच तुझ्या बंदुकीचा रंग असा आहे. काळं पाणी माझ्या धुतलेल्या भांड्यांवर उडत होतं. मी पॅनकेकचं पीठ कालवत होते. त्यांना मी सांगितलं की ज्याला जेवायचं असेल त्यानं सिंक घासून द्यायचा, आणि दोघंही एकदम माझ्या घासणीसाठी हात पुढे करून उभे राहिले.